फरीदसाहेब सतारमेकर

फरीदसाहेब सतारमेकर (एकोणिसावे शतक) हे मिरज येथील तंतुवाद्यांचे आद्य कारागीर मानले जातात. सतार व तानपुऱ्यासाठी मिरजेला लाभलेल्या ख्यातीचा आरंभ त्यांच्यापासून सांगितला जातो.

त्यांचे घराणे शिकलगार समाजातील. शस्त्रांना धार व झिलई देणे हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. इंग्रजी अंमलात शस्त्रांची मागणी ओसरली आणि उपजीविकेचा प्रश्न उभा राहिला. पटवर्धनांच्या या संस्थानात गवयांचा राबता होता. फरीदसाहेब व त्यांचे बंधू मोईनुद्दीन १८५० च्या सुमारास वाद्यांच्या कामाकडे वळले.

मिरजेच्या तानपुऱ्यासाठी भोपळा मंगळवेढा-पंढरपूर भागातून आणला जातो. तो वाळवून कापतात, त्यावर लाकडी तबली व दांडी बसवितात. खरी कसोटी मात्र जवारीची. घोडीचा माथा घासून इतका किंचित उतार द्यावा लागतो की कंप पावणारी तार त्याला हलकेच स्पर्श करीत राहावी. गुंजन त्यातूनच उमटते. पात्यावर झिलई देणाऱ्या हातांना हे साधले, यात नवल नाही. तानपुरा विकतानाही गायकाची पट्टी विचारली जाते, कारण पुरुषांच्या खालच्या पट्टीसाठी मोठा, तर स्त्रियांसाठी लहान तानपुरा लागतो.

पुढे किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) मिरजेत स्थायिक झाले. फरीदसाहेबांच्या वंशजांनी सतारमेकर हेच आडनाव लावले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.