केडगावची मुक्ती

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर केडगाव हे लहानसे स्थानक लागते. शिरूर आणि दौंड हा भीमेच्या खोऱ्यातला कमी पावसाचा मुलूख. याच मुलखात पंडिता रमाबाईंनी एक वसाहत उभारली आणि तिला नाव दिले 'मुक्ती'.

हॅरिएट बीचर स्टो यांच्या १८५२ च्या कादंबरीत श्रद्धेची दोन रूपे दिसतात. टॉम जुलूम सोसत श्रद्धा जपतो, तर एलायझा पोटच्या पोराला घेऊन गोठलेली नदी ओलांडते. रमाबाईंची श्रद्धा दुसऱ्या जातीची होती.

जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले आणि आईने ते लेकीला दिले. १८७४ च्या सुमारास दुष्काळाने काही महिन्यांतच आई, वडील आणि थोरली बहीण हिरावली. भाऊ श्रीनिवास यांच्यासह पायी भटकंती करीत रमाबाई १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पुढे भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी झालेला आंतरजातीय विवाहही दोन वर्षांत पतीच्या निधनाने संपला. पदरी उरली लहानगी मनोरमा.

१८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुण्यात खळबळ उडाली. मात्र चर्चच्या अधिकाऱ्यांपुढेही त्यांनी मान तुकवली नाही, हे अनेकदा विसरले जाते. वाँटेजच्या भगिनींशी त्यांचे वाद झाले ते याच कारणाने. नवा धर्म घेतला म्हणून नवा धनी पत्करायचा, हे त्यांना मान्य नव्हते.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. गुलामगिरी कायद्याने संपून तेथे तेव्हा जेमतेम वीस वर्षे झाली होती. परतल्यावर मार्च १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास आले. मुली ख्रिस्ती प्रार्थनेस बसतात, या कारणावरून १८९३ मध्ये वादळ उठले. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. टीकाकारांची शंका अगदीच निराधार नव्हती. पण त्या विधवांना दुसरे दार कोणते उघडे होते, याचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते.

१८९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. स्वतः उपासमार भोगलेल्या या बाईने तेथून सुमारे तीनशे मुली-बायका आणल्या. पुण्यात प्लेग असल्याने त्यांची सोय केडगावच्या शेतजमिनीवर झाली. तंबू, झोपड्या, विहिरी, मग शाळा, हातमाग, छापखाना. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर ही संख्या दोन हजारांच्या आसपास गेली.

अखेरची वर्षे त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणण्यात घालवली. खिळे जुळवणाऱ्या होत्या आश्रमातल्याच बायका. १९२१ मध्ये मनोरमा गेली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही. त्यांचे संपूर्ण भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.