नट आणि नाटककार मोलिअर

लोकांना हसवणाऱ्या माणसाला टाळ्या लवकर मिळतात. मान मात्र सहसा उशिरा मिळतो. फ्रान्सचा श्रेष्ठ विनोदी नाटककार मोलिअर याचे जीवन याची साक्ष देते. तो स्वतः नाटके लिहीत असे, ती बसवीत असे आणि त्यांतील प्रमुख भूमिकाही करीत असे.

मोलिअरचे मूळ नाव झाँ बातिस्त पोकलँ. 1622 च्या जानेवारीत पॅरिस येथे त्याचा बाप्तिस्मा झाला. गाद्या, पडदे व आसने यांची सजावट करणे हा त्याच्या घराण्याचा व्यवसाय होता. वडिलांकडे तर राजवाड्यातील सजावटीचे मानाचे पद होते. तो दहा वर्षांचा असताना त्याची आई वारली. पुढे एका नामवंत विद्यालयात त्याने शिक्षण घेतले. वडिलांमागे त्यांचे पद मुलाकडे यावे, अशी तजवीज झालेली होती. मात्र वयाच्या एकविसाव्या वर्षी त्याने ही सुरक्षित वाट सोडली. 1643 साली मादलेन बेजार ही अभिनेत्री आणि इतर काही सहकारी यांच्यासमवेत त्याने एक नाटकमंडळी स्थापन केली. पुढच्याच वर्षी त्याने मोलिअर हे नाव धारण केले.

त्या काळी नटाचा धंदा हलका मानला जाई. नाटक पाहण्यास गर्दी होई. परंतु नटाने आपला व्यवसाय सोडल्याचे जाहीर केल्याखेरीज त्याला अंत्यसमयीचे धर्मसंस्कार मिळत नसत. या लौकिक अप्रतिष्ठेबरोबर दारिद्र्यही आले. मंडळीचे खेळ चालले नाहीत आणि देणी साचत गेली. नाट्यगृहात उजेडासाठी लागणाऱ्या मेणबत्त्यांचे पैसेही थकले. 1645 साली कर्जापायी मोलिअरला काही दिवस तुरुंगात राहावे लागले.

सुटकेनंतर त्याने पॅरिस सोडले, पण रंगभूमी सोडली नाही. सुमारे तेरा वर्षे तो फिरत्या नाटकमंडळीबरोबर गावोगाव हिंडला. व्यापारी, वकील, वैद्य, सरदार आणि नोकरचाकर अशी नाना तऱ्हेची माणसे त्याने जवळून पाहिली. त्यांच्या लकबी, त्यांचे लोभ आणि त्यांचा ढोंगीपणा पुढे त्याच्या नाटकांत उतरला.

24 ऑक्टोबर 1658 रोजी त्याच्या मंडळीला तरुण राजा चौदावा लुई याच्यासमोर खेळ करण्याची संधी मिळाली. प्रथम एक गंभीर नाटक झाले. त्यानंतर मोलिअरने स्वतः लिहिलेले छोटे प्रहसन सादर केले. राजा प्रसन्न झाला आणि मंडळीला राजधानीत नाट्यगृह मिळाले. पुढच्या वर्षी मोलिअरने सुशिक्षितपणाचा आव आणणाऱ्या स्त्रियांवर लिहिलेले प्रहसन गाजले आणि तेथून त्याच्या यशाला आरंभ झाला.

तथापि विनोदाचा नेम वर्मी लागू लागला, तसे शत्रूही वाढले. 1664 साली त्याने ‘तार्त्युफ’ हे नाटक राजदरबारात सादर केले. धार्मिकतेचे सोंग घेऊन एका सज्जन कुटुंबात शिरणारा आणि घरधन्याची मालमत्ता बळकावणारा भोंदू, हा त्याचा विषय. या नाटकामुळे मोठे वादळ उठले आणि त्याच्या जाहीर प्रयोगांवर बंदी आली. आपला रोख धर्मावर नसून धर्माच्या नावाने चालणाऱ्या ढोंगावर आहे, असे मोलिअरने राजाकडे केलेल्या अर्जांतून मांडले. 1667 साली त्याने नाटकात फेरफार करून प्रयोग केला. तोही एकाच खेळानंतर बंद पडला. पॅरिसच्या मुख्य धर्माधिकाऱ्याने तर हे नाटक पाहणाऱ्यास व वाचणाऱ्यास बहिष्काराची धमकी दिली. मोलिअरने माघार घेतली नाही. अखेर 1669 च्या फेब्रुवारीत परवानगी मिळाली आणि नाटकाला अलोट गर्दी लोटली.

या संघर्षाच्या काळातही त्याची लेखणी थांबली नव्हती. माणसांच्या खोटेपणाला विटलेला मनुष्य, धनलोभी कंजूष, सरदार होऊ पाहणारा धनिक अशा त्याने रंगवलेल्या व्यक्ती देशोदेशी परिचित झाल्या. मराठी रंगभूमीशीही त्याचे नाते आहे. 1660 साली त्याने संशयी नवऱ्यावर एक विनोदी नाटक लिहिले. त्याच्या आधारे रचलेल्या इंग्रजी नाटकावरून गोविंद बल्लाळ देवल यांनी प्रथम ‘फाल्गुनराव’ आणि पुढे ‘संगीत संशयकल्लोळ’ ही नाटके सिद्ध केली. संशयाने पछाडलेला फाल्गुनराव मराठी प्रेक्षकांना आपलाच वाटतो.

आयुष्याच्या अखेरीस मोलिअरला छातीच्या विकाराने ग्रासले. अशा स्थितीत त्याने नाटक लिहिले ते काल्पनिक आजाराने पछाडलेल्या माणसावर, आणि ती भूमिकाही स्वतःच केली. 17 फेब्रुवारी 1673 रोजी या नाटकाचा चौथा प्रयोग होता. खेळ रद्द केल्यास रोजंदारीवरील कामगारांचे पोट कसे भरेल, या विचाराने तो उभा राहिला, असे त्याच्या आरंभीच्या चरित्रात नमूद आहे. रंगमंचावर त्याची प्रकृती बिघडली. तरीही त्याने प्रयोग पूर्ण केला. काही तासांतच राहत्या घरी त्याचा मृत्यू झाला.

अंतकाळी बोलावणे धाडले असता दोन धर्मगुरूंनी येण्यास नकार दिला. तिसरा आला तोवर उशीर झाला होता. नट म्हणून त्याला विधिपूर्वक दफन नाकारण्यात आले. पत्नी आर्माँद हिने राजाकडे विनंती केल्यावर परवानगी मिळाली, तीही रात्रीच्या वेळी, गाजावाजा न करता अंत्यविधी उरकण्याची.

मृत्यूनंतर हळूहळू चित्र पालटले. 1680 साली राजाज्ञेने पॅरिसमधील नाटकमंडळ्या एकत्र करून ‘कॉमेदी फ्रान्सेझ’ ही संस्था स्थापन झाली. आजही ती मोलिअरचे घर म्हणून ओळखली जाते. ज्या फ्रेंच अकादमीत त्याला हयातीत स्थान मिळाले नाही, तिनेच 1778 साली त्याचा अर्धपुतळा आपल्या सभागृहात बसवला आणि त्याच्यावाचून उणेपण आले ते अकादमीलाच, अशी कबुली दिली. फ्रेंच भाषेला आज मोलिअरची भाषा असे गौरवाने म्हणतात. सन्मानासाठी त्याने नटाचा पेशा कधी सोडला नाही. शंभर वर्षांनी का होईना, सन्मानच त्याच्या दाराशी चालत आला.