मरीया आणि मरियम : एकाच मातेच्या दोन कथा

येशू ख्रिस्ताची माता मरीया हिचा जन्मदिन ८ सप्टेंबरला साजरा होतो. मुंबईत वांद्र्याच्या टेकडीवरील माउंट मेरी आणि तामिळनाडूतील वेलंकनी येथे त्या सुमारास सर्वधर्मीयांची रीघ लागते. याच मातेच्या नावाने कुराणातील १९ वा अध्याय ओळखला जातो. त्या ग्रंथात नावाने उल्लेखलेली ती एकमेव स्त्री असून मरियम हे नाव तेथे ३४ वेळा येते.

तिच्या बालपणाविषयी नवा करार काहीच सांगत नाही. लूकच्या शुभवर्तमानात ती प्रथम भेटते ती गालीलातील नासरेथ गावी, दावीदाच्या वंशातील योसेफाशी वाङ्‌निश्चय झालेली कुमारिका म्हणून. योआकिम आणि अन्ना ही तिच्या आईवडिलांची नावे बायबलबाहेर राहिलेल्या, दुसऱ्या शतकातील एका ग्रंथातून परंपरेत आली. कुराण मात्र तिच्या जन्माच्याही आधीपासून कथा सुरू करते. इम्रानची पत्नी पोटातील मूल ईश्वरसेवेला वाहण्याचा नवस बोलते. जन्मते ती कन्या; तरी नवस स्वीकारला जातो. जकरियाच्या छत्राखाली वाढणाऱ्या या मुलीच्या प्रार्थनाकक्षात त्याला वेळोवेळी अन्न आढळते आणि ते ईश्वराकडून आल्याचे ती सांगते.

देवदूताची वार्ता आणि पुरुषस्पर्शाविना गर्भधारणा याविषयी दोन्ही ग्रंथ एकमताने बोलतात. वाटा फुटतात त्या पुढे. मत्तयाच्या कथनात योसेफ तिला गाजावाजा न करता सोडून देण्याचा विचार करतो. स्वप्नातील आदेशानंतर तो तिला घरी आणतो. बेथलेहेमात मूल जन्मते, गव्हाणीत ठेवले जाते, मेंढपाळ येतात. संकटात तिच्या शेजारी एक पुरुष उभा आहे.

कुराणात योसेफ नाहीच. गर्भवती मरियम एकटीच दूरच्या ठिकाणी जाते. प्रसूतिवेदनांनी व्याकूळ होऊन ती खजुराच्या बुंध्याशी येते आणि याआधीच मरण आले असते तर बरे, असे तिला वाटते. खालून आवाज येतो, पायाशी झरा वाहू लागतो, बुंधा हलवताच पिकला खजूर गळतो. मौनव्रत धरून ती बाळाला घेऊन आपल्या लोकांत परतते. लोक तिच्या चारित्र्यावर बोट ठेवतात. ती केवळ बाळाकडे खूण करते आणि पाळण्यातले ते मूलच बोलू लागते. कलंकाचा आरोप एका स्त्रीला किती एकाकी करतो, हे या प्रसंगाइतके थेट शुभवर्तमानांत आलेले नाही. शुभवर्तमानांतील तिचे दुःख निराळे आहे, ते पुत्रवियोगाचे. योहानाच्या कथनात ती क्रूसापाशी उभी आहे आणि येशू तिला आपल्या प्रिय शिष्याच्या हाती सोपवतो. कुराणात हा प्रसंग असणे शक्यच नव्हते, कारण ईसाला क्रूसावर चढवले गेले, हेच त्याला मान्य नाही.

मुख्य मतभेद अर्थात पुत्राविषयीचा आहे. इ. स. ४३१ मध्ये एफेसस येथील धर्मपरिषदेने मरीयेला देवमाता ही पदवी मान्य केली. कुराणाच्या दृष्टीने ईसा हा प्रेषित आहे, ईश्वरपुत्र नव्हे. त्याला आणि त्याच्या मातेला देवत्व देण्याचा ते स्पष्ट निषेध करते. मात्र तिच्या पावित्र्याविषयी ते तितकेच ठाम आहे. तिच्यावर बालंट घेणाऱ्यांना तेथे दोषी धरले आहे.

या समान धाग्याने एकदा माणसांचे प्राणही राखले, असे इस्लामी परंपरा सांगते. मक्केतील छळाला कंटाळून काही आद्य मुस्लिम सातव्या शतकाच्या आरंभी अबिसीनियात आश्रयाला गेले. त्यांना परत नेण्यासाठी मक्केचे दूत तेथील ख्रिस्ती राजा नजाशी याच्याकडे आले. तेव्हा आश्रितांच्या वतीने जाफर इब्न अबू तालिब यांनी भर दरबारात मरियमच्या अध्यायाचे पठण केले. राजाच्या डोळ्यांत पाणी आले आणि दूतांना रिकाम्या हाताने परतावे लागले.

लेबनॉनने २०१० मध्ये २५ मार्च, म्हणजे देवदूताच्या वार्तेचा दिवस, ख्रिस्ती आणि मुस्लिमांची सामाईक राष्ट्रीय सुटी म्हणून जाहीर केला.