गॉटफ्रीड झिल्बरमान : मंदिरवाद्यांचा कारागीर
आमच्या पुष्कळ खेड्यांतील मंडळ्या बाजाच्या पेटीच्या साथीनें स्तुतिगीतें गातात. त्या पेटींत वाऱ्यानें पितळेच्या लहान पात्या कांपतात व स्वर निघतो. युरोपांतील उपासनामंदिरांत जो मोठा ऑर्गन असतो त्याची रचना निराळी आहे. त्यांत भात्यांचा वारा कथील-शिशाच्या व लांकडाच्या नळ्यांत शिरतो, आणि एकेक नळी एकच स्वर देते. लांब नळी खर्जाचा, आंखूड नळी उंच. पट्टी दाबली म्हणजे तिच्या नळीची वाट उघडते. अशा वाद्यांच्या कारागिरांत गॉटफ्रीड झिल्बरमान याचें नांव फार मोठें आहे. त्याचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवितों, कारण त्यांत कौशल्याबरोबर एका कठीण तंट्याचीहि हकीकत आहे.

झिल्बरमानाचा जन्म जर्मनींतील सॅक्सनी प्रांतांत फ्राउएनश्टाइन गांवाजवळच्या एका खेड्यांत १४ जानेवारी १६८३ रोजीं झाला. बाप सुतार होता. वडील भाऊ आंद्रेआस हा स्ट्रासबुर्ग शहरीं ऑर्गन बांधीत असे. त्याच्या हाताखालीं गॉटफ्रीड हा धंदा शिकला. १७१० सालीं तो स्वदेशीं परतला, आणि पुढील वर्षीं रुप्याच्या खाणींसाठीं प्रसिद्ध असलेल्या फ्रायबेर्ग शहरीं त्यानें आपला कारखाना घातला. तेथील मुख्य मंदिराचें काम सत्तावीस वर्षांच्या या तरुणावर सोंपविण्यांत आलें होतें. २० ऑगस्ट १७१४ रोजीं तें वाद्य अर्पण झालें. त्याला हातांनीं वाजवावयाच्या पट्ट्यांच्या तीन रांगा, पायांनीं वाजवावयाची एक, आणि अडीच हजारांहून अधिक नळ्या आहेत. तीन शतकें लोटलीं तरी तें अद्याप वाजतें.

आपल्या आयुष्यांत त्यानें सुमारें पन्नास ऑर्गन बांधिले. त्यांतील तीसएक आजहि आहेत. निरनिराळे भाग कारखान्यांत तयार होत व मग त्या त्या गांवीं नेले जात. नळ्यांचे स्वर मात्र शेवटीं मंदिरांतच जुळवावे लागत, कारण ज्या भिंतींच्या आंत गाणें व्हावयाचें तेथेंच कानानें पारख करावी लागते. हे ऑर्गन केवळ शहरांसाठीं नव्हते, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. १७२८ सालीं हेल्बिग्सडोर्फ, १७३१ सालीं राइनहार्ड्सग्रिमा, १७४१ सालीं ग्रोसहार्टमान्सडोर्फ अशा खेड्यांसहि त्यानें वाद्यें दिलीं. तीं लहान होतीं. परंतु खेडें म्हणून त्यानें काम हलकें केलें नाहीं, आणि तीं आजहि टिकून आहेत.

या थोर कारागिराच्या स्वभावाला मात्र एक करडी बाजू होती. आपल्या मुलुखांत दुसऱ्यानें काम घेतलेलें त्यास खपत नसे. त्याचा शिष्य झाखारियास हिल्डेब्रांट याजकडून, गुरूशीं स्पर्धा करणार नाहीं, असा करार त्यानें लिहून घेतला होता. शिष्य हुशार निघाला. १७२३ सालीं श्ट्योर्मथाल नांवाच्या खेड्यांत त्यानें बांधिलेला ऑर्गन प्रसिद्ध संगीतकार योहान सेबास्टियान बाख यानें तपासून पसंत केला. त्याच वर्षीं झिल्बरमानास सॅक्सनीच्या अधिपतीकडून दरबारी ऑर्गनकार ही पदवी व सनद मिळाली. गुरुशिष्यांचा तंटा विकोपास गेला, आणि शेवटीं शिष्यास नमतें घ्यावें लागलें. ज्याला विद्या दिली त्याचीच वाट गुरूनें अडविली.

वीस वर्षांनंतर चित्र पालटलें. १७४६ च्या सप्टेंबरांत हिल्डेब्रांटनें नाउमबुर्ग येथील संत वेन्झेल मंदिराचा मोठा ऑर्गन पुरा केला, तेव्हां तपासणीसाठीं दोघांस बोलाविण्यांत आलें. एक बाख, व दुसरा झिल्बरमान. मनांत जुनी अढी असती तर दोष काढण्यास याहून चांगली संधि नव्हती. परंतु कांहीं किरकोळ दुरुस्त्या सुचवून, काम कराराप्रमाणें झालें आहे, असा निर्वाळा दोघांनींहि दिला.

पुढें ड्रेस्डेन येथील दरबाराच्या कॅथलिक मंदिराचा ऑर्गन झिल्बरमानानें पत्करिला, तेव्हां त्याचें वय सदुसष्टाच्या घरांत होतें. मदतीस हिल्डेब्रांट आला. काम चालू असतांच ४ ऑगस्ट १७५३ रोजीं झिल्बरमान मरण पावला. त्यानें लग्न केलें नव्हतें. मागें मूलबाळ नव्हतें. गुरूचें अपुरें काम त्याच शिष्यानें १७५५ सालीं पुरें केलें.

ड्रेस्डेन शहरांत झिल्बरमानाचे तीन ऑर्गन होते. १७२० व १७३६ सालचे दोन फेब्रुवारी १९४५ मधील बाँबवर्षावांत नष्ट झाले. दरबारी मंदिरहि उद्ध्वस्त झालें. पण तेथील नळ्या आधींच काढून दूर सुरक्षित ठेविल्या होत्या. १९७१ सालीं तो ऑर्गन पुनः वाजूं लागला. म्हणजे त्या शहरांत जो एक उरला, तो गुरु व शिष्य या दोघांच्या हातचा.

हाताखालचा तरुण पुढें येऊं लागला म्हणजे आमच्या वडील उपदेशकांच्या मनांतहि कधीं कधीं कांटा सलतो. त्या वेळीं त्यांनीं नाउमबुर्गची तपासणी आठवावी. आपण आरंभिलेलें काम बहुधा दुसऱ्याच कोणाच्या हातून पुरें व्हावयाचें असतें. तो हात कोणाचा असेल हें आपणांस आधीं कळत नाहीं.