शब्दांची जमाबाकी

बँकेत असताना कर्जाच्या अर्जाचा मराठी नमुना तयार करण्याचे काम एकदा माझ्याकडे आले. उत्साहाच्या भरात मी ‘जामीन’ खोडून ‘प्रतिभू’ लिहिले. आठवड्याभरात एक शेतकरी आला आणि हा प्रतिभूचा दाखला तलाठ्याकडे मिळतो का, असे विचारू लागला. मी गुपचूप जामीन परत आणला. तो शब्द मूळचा अरबी. जमा, खर्च, बाकी, रक्कम, वसूल हेही तिकडचेच. हे आले कसे आणि राहिले का, याचा छडा लावताना मी इतिहासाचार्य राजवाड्यांपर्यंत पोचलो.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे १८६३ साली जन्मले. वडील लहानपणीच गेले. पुढे पत्नीही वारली; त्यांनी पुन्हा संसार मांडला नाही. वाईला पानिपतच्या काळातली पत्रे हाती लागली आणि १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. असे २२ खंड! जुन्या दप्तरांसाठी हा माणूस गावोगाव हिंडला, हाताने रांधून जेवला. इंग्रजी येत असूनही लिहिले ते मराठीतच.

अशा पत्रांत इतरांनी लढाया शोधल्या. राजवाड्यांनी शब्दही मोजले. १६२८ च्या एका पत्रात मराठी शब्द शेकडा १४, उरलेले फारसी. १६७७ च्या पत्रात मराठी ६२, १७२८ च्या पत्रात ९३. सुलतानांच्या दरबारी फारसीला मान, म्हणून कारकुनाची लेखणी फारसी वळणाची झाली. राज्य बदलले तसे वळणही बदलले. शिवाजीमहाराजांनी तर राज्यव्यवहारकोशच करवून घेतला. तीन पावत्यांवरून शाखेचा हिशेब तपासू नये, असे माझ्यातला जुना अधिकारी कुरकुरतो. पण दिशा पटते.

तरी गंमत पाहा. पेशव्यासाठी ‘मुख्य प्रधान’ हा शब्द ठरला, शिक्क्यावरही चढला. लोकांच्या तोंडी मात्र पेशवेच राहिले. पत्राचा मायना कारकून बदलू शकतो. वसूल-बाकी रयतेच्या चुलीपर्यंत पोचलेली, ती कोण काढणार?

राजवाड्यांनी पुढे ज्ञानेश्वरीच्या भाषेचे व्याकरण लिहिले, १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे केले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात ते गेले, तेव्हा त्यांचा मराठी धातुकोश छापायचा बाकी होता.