कॉनराड पाउमान : जन्मांध वादक

जर्मनी देशांतील नुरेंबर्ग शहरीं इ. स. १४१० च्या सुमारास एका कारागिराच्या कुटुंबांत कॉनराड पाउमान जन्मास आला. तो जन्मांध होता. अंधळ्यांकरितां ठिपक्यांची लिपि लुई ब्रेल ह्यानें १८२९ सालीं प्रसिद्ध केली. पाउमानाच्या काळीं अंधळ्यास अक्षर किंवा स्वर वाचण्याचें कांहींच साधन नव्हतें. जें शिकावयाचें तें ऐकून व ध्यानांत ठेवूनच शिकावें लागे. त्याच शहरांतील ग्रुंडहेर नांवाच्या थोर घराण्यानें त्यास आश्रय देऊन त्याच्या शिक्षणाचा भार उचलिला. तो ऑर्गन वाजविण्यांत निपुण झालाच, शिवाय हार्प, बांसरी, ल्यूट नांवाचें तारांचें वाद्य व सारंगीप्रमाणें गजानें वाजणारें वाद्य, हींही त्यास साधलीं.

इ. स. १४४६ पर्यंत तो सेंट सेबाल्ड ह्या मोठ्या मंदिराचा ऑर्गनवादक झाला होता. पुढल्या वर्षीं नगरसभेनें त्यास शहराचा पगारी वादक नेमिलें. आपल्या परवानगीवांचून त्यानें शहर सोडूं नये, असें वचन नगरसभेनें त्याजकडून घेतलें होतें. तें त्यानें पाळिलें नाहीं. १४५० सालीं तो गुप्तपणें निघून म्यूनिक येथें बव्हेरियाचा ड्यूक तिसरा आल्ब्रेख्ट ह्याच्या चाकरीस राहिला. तेथें त्यास राहावयास घर व वर्षास ८० गुल्डन मिळूं लागले. मनुष्य कितीही गुणी असला तरी दिलेलें वचन मोडणें हा दोषच होय. चरित्र सांगतांना तो झांकून ठेवणें बरें नव्हे.

पुढें त्याची कीर्ति दूरवर पसरली. १४७० सालीं इटलींतील मांतुआ येथील दरबारीं त्याचें वादन ऐकून लोक थक्क झाले, व त्यास नाइट ही मानाची पदवी मिळाली.

परंतु वाचकहो, ह्या थोर वादकास आपण रचिलेला एक सूरही स्वहस्तें लिहितां येत नव्हता. तो आपल्या शिष्यांस शिकवी, आणि त्याची विद्या इतरांच्या हातून कागदावर उतरे. एका सुराच्या आधारानें दुसरे सूर कसे रचावे, हें शिकविणारा त्याचा पाठसंग्रह १४५२ सालीं लिहिलेल्या एका हस्तलिखितांत आजही आहे. त्यानें आपली विद्या स्वतःपाशींच ठेविली असती तर ती त्याच्याबरोबरच मातींत गेली असती.

तो २४ जानेवारी १४७३ रोजीं म्यूनिक येथें मरण पावला. तेथील मोठ्या मंदिरांत त्याच्या स्मरणाचा कोरीव दगड आहे. त्यावर तो बसून लहानसा ऑर्गन वाजवीत आहे; आपण बाजाची पेटी वाजवितों त्याप्रमाणेंच त्याचा एक हात भात्यावर व दुसरा पट्ट्यांवर असे. सभोंवतीं त्याचीं इतर वाद्यें कोरिलेलीं आहेत. ज्या मुलास दुसऱ्यांनीं हात धरून शिकविलें, त्यानें पुढें कित्येकांस शिकविलें. आणि त्या शिकविण्यामुळेंच त्याचें संगीत आज आपणांस ऐकावयास मिळतें.