यंत्रोद्योगी शंतनुराव किर्लोस्कर

दख्खनच्या पठारावरील शेतकऱ्याचे पीक पूर्वी बैलांच्या मानेवर आणि मोटेच्या दोरावर अवलंबून असे. वैशाखात विहिरीचे पाणी तळाला जाई, ऊन मी म्हणू लागे आणि दिवसभर मोट ओढून बैल थकून जात. डोळ्यांसमोर मळा सुकत असला, तरी त्याला करता येण्यासारखे काही नसे. अशा असंख्य विहिरींवर पुढे लहानशी डीझेल एंजिने बसली आणि मळ्यांना पाणी मिळू लागले. ही एंजिने पुण्यात तयार व्हावीत म्हणून ज्यांनी आपली विद्या आणि उमेद पणाला लावली, त्यांचे नाव शंतनुराव लक्ष्मणराव किर्लोस्कर.

शंतनुरावांचा जन्म २८ मे १९०३ रोजी सोलापूर येथे झाला. त्यांचे वडील लक्ष्मणराव यांनी त्याच सुमारास लोखंडी नांगर तयार केला होता. लोखंडाने जमीन नासते, अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती. त्यामुळे त्या नांगराला बरेच दिवस गिऱ्हाईक मिळेना. तरीही लक्ष्मणरावांनी धीर सोडला नाही. १९१० साली औंध संस्थानच्या अधिपतींनी त्यांना कुंडलजवळ माळरान दिले. निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर कारखाना आणि वसाहत उभी राहिली. तीच किर्लोस्करवाडी. ओसाड जमिनीतून एक गाव कसे उभे राहते, हे शंतनुरावांनी बालवयातच पाहिले.

पुढे यंत्रशास्त्र शिकण्यासाठी ते अमेरिकेत गेले. मॅसॅच्युसेट्स येथील नामांकित तंत्रशास्त्र संस्थेतून १९२६ साली पदवी घेऊन ते स्वदेशी परतले आणि किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात काम करू लागले. त्याच वर्षी त्या कारखान्यात पाणी उपसण्याचा पंप तयार झाला होता. पण पंप स्वतः फिरत नाही. तो फिरविण्यास शक्ती हवी. खेड्यांत वीज नव्हती. डीझेल एंजिने बहुतेक परदेशांतून येत. एंजिन बंद पडले आणि त्याचा एखादा भाग परदेशातून मागवावा लागला, तर तो येईपर्यंत पीक कसे थांबणार? एंजिन आपल्याच देशात झाले पाहिजे, हा विचार यातून दृढ झाला. १९४६ साली किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी स्थापन झाली आणि पुण्यालगत खडकी येथे तिचा कारखाना उभा राहिला. आरंभी इंग्लंडमधील एंजिन बनविणाऱ्यांचे तांत्रिक साहाय्य घेण्यात आले.

हे काम नांगर करण्याइतके सरळ नव्हते. नांगराला मातीशी झगडावे लागते, तर एंजिनाला अग्नीशी. डीझेल एंजिनात ठिणगी पाडावी लागत नाही. दट्ट्या नळकांड्यातील हवा दाबतो; ती मूळ जागेच्या सुमारे सोळाव्या हिश्शात कोंडली जाते आणि तिची उष्णता ५०० अंश सेल्सियसच्या वर जाते. त्या तप्त हवेत तेलाची बारीक फवार सोडली, की ती आपोआप पेट घेते. त्या क्षणी आतील वायूची उष्णता २००० अंशांच्या घरात पोहोचते. ओतीव लोखंड तर सुमारे १२०० अंशांवर वितळते! तेव्हा ही उष्णता काढून नेली नाही, तर दट्ट्या फुगून नळकांड्यात अडकतो आणि एंजिन निकामी होते.

या एंजिनाचा जनक रूडॉल्फ डीझेल यालाही हा धडा अनुभवानेच शिकावा लागला. जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे १८९३ साली त्याने केलेल्या पहिल्या एंजिनाला गार करणारे पाणी नव्हते. उष्णता बाहेर जाऊ दिली नाही, तर ती सारी कामी येईल, अशी त्याची कल्पना होती. प्रयोगांनी ती चुकीची ठरविली. पुढे नळकांड्याभोवती पाणी खेळविण्यात आले आणि १८९७ साली त्याच्या एंजिनाने तेलातील उष्णतेचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग कामास लावून दाखविला. शक्ती हवी असेल, तर काही उष्णता सोडून द्यावी लागते, हे त्यातून सिद्ध झाले.

खडकीच्या कारखान्यातून निघालेल्या पाच अश्वशक्तीच्या एंजिनांत हीच योजना होती. नळकांड्याभोवती पोकळ कवच असे. पंपाने विहिरीतून उपसलेल्या पाण्याचा थोडा भाग त्या कवचातून फिरवून बाहेर सोडता येई. जे पाणी पिकाला जीवन देई, तेच एंजिनाचेही रक्षण करी! पण विहिरीचे पाणी क्षारयुक्त असेल, तर कवचात पापुद्रे साचतात आणि उष्णता बाहेर जाईनाशी होते. म्हणून कवच वेळोवेळी साफ करावे लागते. एंजिन फार थंड ठेवणेही हिताचे नसते. तेव्हा तेल पुरते जळत नाही आणि काळा किंवा पांढरा धूर निघतो. योग्य तेवढीच उष्णता राखणे, हेच यातील खरे कौशल्य होय.

डीझेल मोटारीला ओढून नेण्यास विहीर नसते. म्हणून तेच पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून फिरवून वाऱ्याने गार करतात. कात्रजचा घाट चढताना एंजिनावर भार वाढतो आणि वेग कमी असल्याने वाराही कमी लागतो. अशा वेळी चालकाची नजर पाण्याच्या उष्णतेच्या काट्यावर असावी लागते. तापलेल्या रेडिएटरचे झाकण तर कधीच उघडू नये. उकळते पाणी उसळून अंग भाजते. तेलाचीही अशीच निगा राखावी लागते. पुष्कळ मोटारींत न जळलेले जादा तेल एंजिनाची उष्णता घेऊन टाकीत परत येते. तेल तापले म्हणजे पातळ होते आणि फुगते. मग तेवढ्याच मापात त्याचे वजन कमी भरते व शक्ती घटते. तेलपंपाच्या भागांतील फट केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असते. तीतून पातळ तेल झिरपते आणि पंपाला पुरेसे वंगण मिळत नाही. म्हणून टाकी उन्हापासून जपावी व तिच्यात पुरेसे तेल ठेवावे. इतक्या बारीक मापाचे भाग अचूक घडविणारे कारागीर तयार करणे, हे अशा प्रत्येक कारखान्यापुढील मोठे काम असते.

खडकीचा कारखाना बाळसे धरीत असतानाच किर्लोस्कर कुटुंबावर मोठा आघात झाला. १९४८ च्या आरंभी गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्याला आग लावण्यात आली. अनेक वर्षांच्या कष्टांची हानी झाली. ज्या अग्नीला एंजिनात कोंडून कामाला लावायचे, तोच मोकाट सुटून कारखाना जाळून गेला. तरीही किर्लोस्करांनी कारखाना पुन्हा उभा केला आणि पुण्यातील एंजिनांचे कामही थांबू दिले नाही.

पुढील काळात शंतनुरावांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या परिसरात आणखी कारखाने निघाले. १९५८ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर न्यूमॅटिक कंपनीत हवा दाबणारी आणि पदार्थ थंड ठेवणारी यंत्रे होऊ लागली. १९६२ साली मोठ्या डीझेल एंजिनांसाठी किर्लोस्कर कमिन्स ही कंपनी सुरू झाली. पुण्याची एंजिने परदेशांतही जाऊ लागली. १९६५ साली भारत सरकारने शंतनुरावांना पद्मभूषण हा किताब दिला. २४ एप्रिल १९९४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

पेन्सिल, कागद आणि मोजमाप यांवर श्रद्धा ठेवणाऱ्या या यंत्रज्ञाने उष्णतेसारख्या उग्र शक्तीला शेतकऱ्याच्या सेवेस लावले. वैशाखाच्या दुपारी विहिरीच्या काठावर एंजिनाचा ठेका सुरू झाला, पाटातून पाणी वाहू लागले आणि बैल झाडाच्या सावलीत रवंथ करीत बसले. शंतनुरावांच्या कष्टांचे हेच खरे फळ होते.